पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी: किती, केव्हा आणि कोणाकडून?

सावली_ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्यात वसंत विहारजवळ आमची जुनी सोसायटी आहे. आवारात झाडं भरपूर: दोन मोठे रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, एक म्हातारा आंबा, कंपाउंडच्या कडेने आसुपालवाची रांग आणि मागे नारळ. मे महिना तोंडावर आला की दरवर्षी छाटणीचा विषय निघतो. यंदा कमिटीने एका कंत्राटदाराचं कोटेशन आणलंय. त्यात एकच ओळ: 'सर्व झाडे दुसऱ्या मजल्यापर्यंत कट करणे व फांद्या उचलून नेणे.' खाली एकरकमी आकडा.

हे मला अजिबात पटलेलं नाही. रेन ट्रीची सावली गेली तर खालच्या तीन मजल्यांचं उन्हाळ्यात काय होईल, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. पण लोकांची भीतीही खरी आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्या गेटजवळचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला होता. नशीब, खाली कोणी नव्हतं.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तिथे नुसतं 'झाडं वाचवा' म्हणून बसायचं नाहीये. कोणती फांदी काढायची, कोणती ठेवायची, केव्हा, परवानगी कशी घ्यायची आणि काम कोणाकडून करून घ्यायचं, हे नेमकं सांगता आलं पाहिजे. जाणकारांनी कृपया लिहा.

घोडबंदरकर

मी तुमच्या विरुद्ध बाजूने लिहितोय, राग मानू नका. आमच्याकडे सोनमोहराची फांदी जुलैत रात्री तुटली ती थेट माझ्या गाडीवर. टप, काच, बॉनेट, सगळं गेलं. सर्वसमावेशक पॉलिसी होती म्हणून इन्शुरन्सने दिले पैसे. पण अर्ध्या तासापूर्वी माझी मुलगी तिथेच सायकल चालवत होती. त्याचा क्लेम कुठे करायचा? झाड मोठं झालं की कापावं, या मताचा मी आहे. सावलीसाठी छत्री मिळते.

नेरुळची_मनू

घोडबंदरकर, मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. एक विचारू? तुटलेली फांदी हिरवी होती की वाळलेली? आणि त्या झाडाची आधी कधी छाटणी झाली होती का?

घोडबंदरकर

हिरवीगार होती. छाटणी झाली होती, दोनेक वर्षांपूर्वी. वरून सरळ कापलं होतं सगळं. तरीही पडली, तेच तर सांगतोय.

बागवान_खारघर

'तरीही' नाही, 'म्हणूनच' पडली असण्याची शक्यता जास्त आहे. मी उद्यानकामात आहे, जरा सविस्तर लिहितो.

झाडाचा शेंडा किंवा जाड फांदी मध्येच तोडली की त्या ठोकळ्याच्या कडेने पाच-दहा धुमारे एकदम फुटतात. पानं गेल्यामुळे झाडाची उपासमार होते, म्हणून साठवलेलं अन्न वापरून ते घाईने नवी पानं काढतं. हे धुमारे सरळ, लांब आणि वेगाने वाढतात. दोन पावसाळ्यांत झाड पुन्हा तेवढंच दिसायला लागतं. पण मूळची फांदी खोडाच्या लाकडात वर्षानुवर्षं गुंफत गेलेली असते, आणि हे धुमारे फक्त सालीजवळच्या थरावर धरून असतात. त्यातच कापलेल्या ठोकळ्याच्या तोंडातून पाणी आणि बुरशी आत शिरून तो कुजत जातो. म्हणजे कुजक्या बुडख्यावर जड, हिरव्या, वाऱ्यात हलणाऱ्या फांद्या. पहिल्या जोरदार वाऱ्यात त्याच निखळतात.

त्यामुळे 'दुसऱ्या मजल्यापर्यंत कट' हे कोटेशन म्हणजे यंदा पैसे देऊन तीन वर्षांनंतरचा धोका विकत घेणं आहे. सावलीताई, सभेत हे वाक्य जरूर वापरा.

बरोबर छाटणीत आधी वाळलेल्या, किडलेल्या, तडा गेलेल्या फांद्या काढायच्या. मग एकमेकींवर घासणाऱ्या, इमारतीत किंवा तारांत घुसणाऱ्या. जिवंत पालवी एका वर्षात पाव हिश्श्याच्या वर काढायची नाही, म्हाताऱ्या झाडाची त्याहून कमी. आणि एकाच बाजूने काढायची नाही. गॅलरीकडची सगळी बाजू साफ केली की सगळा भार रस्त्याकडे जातो. फांदीचा आतला भाग भादरून टोकाला तेवढा झुपका ठेवतात, तेही चूक. वजन टोकाला गेलं की फांदी जास्त झुलते.

काप कुठे द्यायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. फांदी खोडाला मिळते तिथे, मनगटात बांगडी असावी तशी, एक फुगीर कडी दिसते. काप तिच्या लगेच बाहेर घ्यायचा. कडी कापायची नाही आणि बाहेर खुंटही ठेवायचा नाही. जखम बंद करणाऱ्या पेशी त्या कडीत असतात. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड आपल्यासारखं कुजलेलं लाकूड भरून काढत नाही. ते त्या भागाभोवती भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. कडी गेली तर ती भिंत नीट बांधली जात नाही.

जड फांदी एका झटक्यात कापली तर ती पडताना खोडाची साल लांबवर सोलून नेते. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत काप. मग त्याच्या थोडं बाहेर वरून काप, फांदी खाली जाते. मग उरलेला ठोकळा कडीच्या बाहेरून. कंत्राटदाराला फक्त एवढंच विचारा, 'जाड फांदी कशी काढता?' उत्तरात तीन काप आणि दोर आले नाहीत, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जुना_ठाणेकर

बागवान, प्रिंट काढून आमच्या नोटीस बोर्डावर लावतोय.

पाचपाखाडी_पाटील

उत्तम प्रतिसाद. आमच्या सोसायटीत आंब्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही. सभेला कोरम भरतो तो फक्त कैऱ्या वाटायच्या दिवशी. :)

दापोलीकर

आंब्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आंबा मेमध्ये फळं अंगावर असताना छाटू नका. फळं उतरली की लगेच, पावसाचा जोर सुरू व्हायच्या आत मधल्या दाटीच्या फांद्या काढा, आत ऊन-वारा जाऊ द्या. मग पावसाळ्यात पालवी येते, ती पक्व होते आणि थंडीत तिच्यावर मोहोर धरतो. दिवाळीनंतर छाटलात तर त्या वर्षीचा मोहोर कापून टाकलात. खोडाला भोकं आणि खाली भुसा दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली समजा. त्या फांदीचं काम आधी.

कापावर आम्ही बोर्डो पेस्ट लावतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. बागवान, तुम्ही याबद्दल लिहिलं नाहीत?

बागवान_खारघर

मुद्दाम टाळलं होतं. :) फळबागेत, पावसाच्या तोंडावर, आंब्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावायला माझी हरकत नाही, ते बुरशीनाशक आहे. पण सोसायट्यांमध्ये डांबर नाहीतर ऑइल पेंट फासतात. त्याने कूज थांबत नाही, उलट आत ओल कोंडते. रेन ट्री, गुलमोहर यांचा काप योग्य जागी असेल तर तो उघडा ठेवला तरी चालतो.

दापोलीकर

डांबराबद्दल सहमत. पेस्टबद्दल माझं मत कायम. कोकणातला पाऊस चार महिने उघडा काप भिजवतो, ते मी रोज बघतो.

आता नारळ. हिरव्या झावळ्या कापू नका. नारळाच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे फुलोरा, येते, पान गेलं की तिच्या पेंडीचा आधार आणि अन्न दोन्ही गेलं. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. वाळून लोंबणाऱ्या झावळ्या, सुकलेल्या पोया आणि तयार नारळ, एवढंच काढायचं, पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा. त्यासाठी माडावर चढणारा पाडेली लागतो, चेनसॉवाला नाही.

सीवूड्स_सुनीता

आमच्याकडे झावळी पडून एकांच्या स्कूटरचा आरसा गेला, तर थेट ठराव आला, नारळच काढून टाका! मी पाडेल्याला बोलावलं, त्याने तासाभरात सगळी वाळकी उतरवली आणि नारळ घरोघरी दिले. ठराव मागे घेतला गेला. सोलकढी झाली त्या दिवशी सगळ्यांकडे.

ऐरोली_सेक्रेटरी

परवानगीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बहुतेकांना वाटतं, आपल्या कंपाउंडमधलं झाड आपलं. मालकी सोसायटीची असली तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यात झाड तोडणं याच्या व्याख्येत झाड जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणून मोठ्या छाटणीलाही वृक्ष प्राधिकरणाची, म्हणजे व्यवहारात महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यायची. ठाण्यात ठाणे महापालिका, आमच्याकडे नवी मुंबई महापालिका, खारघरला पनवेल. सोसायटीचा अर्ज, ठरावाची प्रत, प्रत्येक झाडाचा फोटो आणि कारण. मग निरीक्षक पाहणीला येतात.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आला. आणि झाड पूर्ण तोडायचं असेल, तर त्याचं वय जितकी वर्षं तितकी झाडं भरपाई म्हणून लावायची. सावलीताईंचा 'म्हातारा आंबा' किती वर्षांचा, ते जुन्या रहिवाशांना विचाराच.

सेक्रेटरी म्हणून आणखी एक. अर्ज एप्रिलअखेरीस केलात तर सगळ्या शहराचे अर्ज त्याच टेबलावर असतात. आम्ही डिसेंबरात करतो. आणि कोटेशन एकरकमी कधीच घेत नाही. झाडाला नंबर, नंबरापुढे काय काढायचं ते, आणि दर झाडामागे. कामगारांचा विमा, कमरेचा पट्टा, हेल्मेट हे लेखी. वीजवाहिनीजवळ फांदी असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय माणूस वर चढवायचा नाही. ओल्या फांदीतून वीज उतरते.

मुक्ता_पक्षी

सेक्रेटरी, डिसेंबरबद्दल मनापासून धन्यवाद. माझी तळमळ वेगळ्या कारणाने आहे.

मेमध्ये झाडं रिकामी नसतात. कावळ्यांची घरटी एप्रिल ते जून भरलेली असतात. बगळे, ढोकरी, रातबगळे पाऊस सुरू होताना रेन ट्रीवर वसाहत करतात. जूनमध्ये उशिरा छाटणी झाली की पिल्लं टपाटप खाली पडतात. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना इजा करणं किंवा त्यांना त्रास देणं येतं. कंत्राटदार हे सांगत नाही, आणि प्रश्न सोसायटीला विचारला जातो.

आणि बागवान, वाळलेल्या फांदीबद्दलही एक विनंती. तांबट पक्षी घरटं कोरतो ते वाळक्या, मऊ लाकडातच. फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं गोल भोक दिसलं तर खाली चालण्याची वाट नसल्यास ती फांदी जूनपर्यंत राहू द्या. राखी धनेश तर जुन्या झाडाच्या ढोलीत मादीला कोंडून घेऊन पिल्लं वाढवतो, आणि येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांत तो सर्रास दिसतो. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन प्रत्येक झाडाखाली दहा मिनिटं थांबा, एवढंच मागणं आहे.

बागवान_खारघर

मुक्ताताई, पूर्ण मान्य. वाळकी फांदी वाटेवर असेल तर खालची वाट दोर लावून बंद करता येते. घरटं संपलं की काढावी.

वाशीकर_विनू

आमच्या चौथ्या मजल्याच्या छज्जावर पिंपळ उगवलाय. काढायला कोणी तयार नाही, देवाचं झाड म्हणून. काय करावं?

जुना_ठाणेकर

विनू, आमच्याकडे गुरुजींनाच विचारलं होतं. ते म्हणाले, नमस्कार करून मुळासकट काढा आणि मोकळ्या जमिनीत लावा. रोप लहान असेपर्यंतच हे जमतं. नुसतं वरून कापलंत तर मुळं भिंतीत शिरून प्लास्टर फोडतील आणि गळती सुरू होईल.

कळव्याची_कल्पना

मूळ विषयाकडे येते. सावली, तुमचा गुलमोहर 'मुळासकट' आडवा झाला असं लिहिलंय. त्याच्या आधी गेटजवळ काही खोदकाम झालं होतं का? मी सिव्हिल इंजिनीअर आहे, म्हणून तिकडेच लक्ष गेलं.

सावली_ठाणे

कल्पना, तुम्ही विचारलंत म्हणून जुनी इतिवृत्तं काढून वाचली. हो. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ड्रेनेजची लाइन बदलली होती, चर अगदी गुलमोहराच्या बुंध्याला लागून गेला होता. वरून पेव्हर ब्लॉक, बुंध्यापर्यंत सिमेंटने बसवलेले. कोणीच हे दोन्ही जोडून पाहिलं नव्हतं.

कळव्याची_कल्पना

मग तुमच्या सभेचा विषयच बदलतो. फांदी तुटणं आणि झाड उन्मळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. छाटणी पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्याचं कारण बहुतेक वेळा जमिनीत असतं. झाडाची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांत आडवी पसरलेली असतात, पालवीच्या घेराच्याही बाहेर. गुलमोहराची तर उथळच. एका बाजूची मुळं चरात गेली की त्या बाजूचा नांगरच गेला. बुंध्याला सिमेंट आवळलं की हवा-पाणी मिळत नाही आणि उरलेली मुळंही मरतात. वरून झाड हिरवंच दिसतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो याचसाठी.

मी तुमच्या जागी असते तर छाटणीच्या पैशांतून आधी उरलेल्या झाडांभोवतीचे पेव्हर उचलले असते. हाताने, जेसीबीने नव्हे. पुढे कुठलीही लाइन टाकायची तर चर झाडापासून लांब, ते शक्यच नसेल तर मुळांच्या खालून पाइप.

घोडबंदरकर

हे पटलं. आमच्याकडे तर सगळ्या झाडांच्या गळ्यापर्यंत काँक्रीट आहे. पण धोकादायक झाड ओळखायचं कसं? सगळेच आपल्याला हिरवं दिसतं म्हणतात.

बागवान_खारघर

बुंध्याभोवती फिरा. एका बाजूची जमीन उचलली गेलीय, भेग पडलीय, किंवा झाड गेल्या वर्षीपेक्षा जास्त कललंय, तर ते तातडीचं. बुंध्यावर किंवा मुळांवर फळीसारख्या बुरश्या उगवल्या असतील तर आत कूज आहे. लाकडी हातोडीने ठोकून पाहा, पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही आकारात चिकटून वाढल्या असतील आणि मध्ये साल दबली असेल, तर तो जोड कच्चा. रेन ट्रीवर पांढरा कापसासारखा मिलीबग आणि शेंड्याकडून वाळणाऱ्या फांद्या दिसल्या तर उद्यान विभागाला लगेच कळवा, मुंबईत त्या किडीने बरेच रेन ट्री गेलेत. आणि झाड खरोखर पडायच्या बेतात असेल तर अर्जाची वाट पाहू नका, महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष किंवा अग्निशमन दल.

तुमच्या सोनमोहरावरचे धुमारे अजून असतील तर सगळे एकदम काढू नका. प्रत्येक ठोकळ्यावर एक-दोन चांगले ठेवून बाकीचे दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी करा.

सावली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच सभा झाली, आणि चांगली झाली.

दुसऱ्या मजल्याचं कोटेशन रद्द झालं. मी कल्पनाचं 'दोन वेगळी दुखणी' आणि बागवानांचं 'धोका विकत घेणं' जसंच्या तसं वाचून दाखवलं. सगळ्यात मोठा विरोध ज्यांचा होता, त्या काकांनीच चराची गोष्ट ऐकून विचारलं की बाकीच्या झाडांभोवतीचे ब्लॉक केव्हा काढताय. मेमध्ये फक्त वाटेवरच्या वाळक्या आणि तडा गेलेल्या फांद्या काढायच्या, परवानगी घेऊन, मुक्ताताईंच्या सांगण्याप्रमाणे आदल्या दिवशी पाहणी करून. एका सोनमोहराला बागवानांनी सांगितला तसा व्ही आकाराचा कच्चा जोड आहे, त्याच्या खालचं पार्किंग पाऊस संपेपर्यंत बंद. आंबा फळं उतरल्यावर. रेन ट्रीचं मोठं काम फेब्रुवारीत, ती पानं गाळतात तेव्हा सांगाडाही नीट दिसतो. अर्ज डिसेंबरात जाईल.

दोन गोष्टी अजून अडल्यात. आसुपालवाची रांग तारेला लागते, तिचं काय? आणि एवढा पाला-फांद्या कुठे टाकायच्या? आमचा माळी गुपचूप जाळतो आणि अख्खी विंग खोकते.

ऐरोली_सेक्रेटरी

अभिनंदन! पाला जाळायला बंदी आहे, माळ्याला आधी तेच सांगा. बागेचा कचरा रोजच्या कचऱ्यात न मिसळता वेगळा ठेवायचा असतो. आम्ही जाळीचा गोल पिंजरा करून त्यात पाला भरतो, मध्ये मध्ये शेणाचं पाणी. पावसाळ्यात झाकायचा. बारीक फांद्या तुकडे करून झाडांच्या आळ्यात पसरतो, आता तुमचे ब्लॉक निघतील तिथे उपयोगी पडतील. बुंध्याला मात्र टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. जाड लाकूड परवानगीपत्रात लिहिल्याप्रमाणेच बाहेर जाऊ द्या, कंत्राटदाराला परस्पर नेऊ देऊ नका.

बागवान_खारघर

आसुपालव उंचीला बेताचा हवा असेल तर लहानपणापासून शेंडा खुडत राहावं लागतं, तुमची रांग त्यापलीकडे गेली असणार. तारेकडच्या बाजूच्या फांद्या मागे घ्या, महावितरणच्या लोकांसमोर. पुढे जागा रिकामी झाली तर तारांखाली कांचन किंवा तामण लावा, दोन्ही बेताची वाढतात. तामण तर आपलं राज्यफूल.

घोडबंदरकर

सावली, तुमच्या ठरावाचा मसुदा इथे टाकाल का? आमची सभा पुढच्या रविवारी आहे. पेव्हरचा मुद्दा मी मांडणार आहे.

सावली_ठाणे

नक्की. सोसायटीचं नाव काढून संध्याकाळपर्यंत टाकते.